मर्केटरची वकिली

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा हा युरोपीय सत्तांचा बनाव आहे; मर्केटर नावाच्या माणसाने युरोप थोर आणि आफ्रिका-भारत किरकोळ दिसावेत म्हणून तो मुद्दाम तसा आखला; खरे जग पाहायचे असेल तर पीटर्सचा नकाशा पाहावा. असे एक मत हल्ली सुशिक्षितांत सर्वमान्य होऊ पाहत आहे. वक्तृत्व स्पर्धांत ते ऐकू येते, व्हॉट्सॲपवर फिरते. २०१७ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या सरकारी शाळांनी वर्गात पीटर्सचा नकाशा आणला. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी संघाने मर्केटरला हटवण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला, तेव्हा तर या मताला राजमान्यताच मिळाली. यातला निम्मा भाग बरोबर आहे. म्हणूनच उरलेला निम्मा बारकाईने तपासायला हवा.

आधी पूर्वपक्ष पुरता मांडू. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिकेचे सुमारे ३०३ लाख. म्हणजे आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. मर्केटरच्या नकाशावर मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. भारत ३२.८७ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे ग्रीनलंडच्या दीडपट. नकाशावर तो त्याच्यापुढे बापुडवाणा वाटतो. देशांचे आकारमान ताडून पाहण्यासाठी हा नकाशा वापरला तर विद्यार्थ्याची दिशाभूल होते, हे निर्विवाद आहे. पण या एका आरोपातून दोन निष्कर्ष काढले जातात: हे हेतुपुरस्सर केले गेले, आणि याच्या जागी लावायला एक खरा नकाशा तयार आहे. हे दोन्ही निष्कर्ष टिकत नाहीत.

का टिकत नाहीत हे कळायला बाराव्या शतकात जावे लागेल. लल्ल या त्याआधीच्या गणितज्ञाने गोलाचे पृष्ठफळ काढताना वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात ते खोडून काढले. खोडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. लल्लाच्या हेतूबद्दल ते काही बोलत नाहीत. ते गोल कापतात. आवळ्यावर देठापासून टोकापर्यंत जशा रेषा असतात तशा रेषांनी गोलाच्या पृष्ठाचे काप कल्पून ते एकेक काप मोजतात, आणि पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास इतके, म्हणजे मधल्या मोठ्या वर्तुळाच्या चौपट, असे सिद्ध करतात.

हेच काप सोलून टेबलावर शेजारी शेजारी मांडले तर काय होईल? पोटाशी ते एकमेकांना टेकतील आणि दोन्ही टोकांकडे त्यांच्यात फटी पडतील. सपाट नकाशाची सगळी अडचण या फटींत आहे. फटी तशाच ठेवल्या तर जमीन आणि समुद्र फाटतात. बुजवायच्या तर काप ताणावे लागतात, आणि ताणले की काहीतरी बिघडते. १८२७ साली गाऊसने याला कायमची गणिती मोहोर लावली: गोलाची वक्रता त्याच्या पृष्ठावरच्या मोजमापांतच गुंतलेली असते, त्यामुळे सगळी अंतरे जशीच्या तशी ठेवून गोल पृष्ठ सपाट करताच येत नाही. म्हणजे बिनचूक सपाट नकाशा काढायला कोणी विसरले आहे असे नव्हे. तो अशक्यच आहे.

आता मर्केटरने फटी कशा बुजवल्या ते पाहू. त्याने प्रत्येक काप आडवा ताणला, इतका की सगळी रेखावृत्ते समांतर झाली. ६० अंश अक्षवृत्ताचा घेर विषुववृत्ताच्या निम्मा असतो, म्हणून तिथे ताण दुप्पट झाला. मग तेवढाच ताण त्याने उभ्या दिशेनेही दिला. दुप्पट रुंदी आणि दुप्पट उंची मिळून ६० अंशांवर क्षेत्रफळ चौपट झाले, आणि ७५ अंशांवर सुमारे पंधरापट. उभा ताण कशासाठी? कोन बिघडू नयेत म्हणून. कोन शाबूत राहिले की होकायंत्राचा एकच अंश धरून चाललेल्या जहाजाचा मार्ग नकाशावर सरळ रेषेत उतरतो. खलाशाला हवे होते ते हेच. १५६९ सालच्या त्या नकाशाच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातच तो नाविकांच्या उपयोगासाठी जुळवला असल्याचे सांगितले आहे. पुढे १५९९ मध्ये एडवर्ड राइटने ताणाचे कोष्टकच छापले, तेव्हा ही युक्ती जहाजांवर खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागली. याच मर्केटरने १५३८ साली काढलेला जगाचा नकाशा हृदयाच्या आकाराचा होता. काम बदलले तसे त्याने प्रक्षेपण, म्हणजे गोल सपाट करण्याची रीत, बदलले.

कटाचा आरोप आणखी एका ठिकाणी अडतो. हे सूत्र विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सारखेच चालते. लंडन जितके फुगते तितकीच अर्जेंटिना-चिलीची दक्षिण टोकेही फुगतात. सर्वांत जास्त फुगतो तो ध्रुवांलगतचा ओसाड बर्फाळ मुलूख. युरोपची शान वाढवायला बसलेल्या माणसाने शानीचा सर्वांत मोठा वाटा ग्रीनलंडच्या हिमनद्यांना दिला असता का?

यावर प्रतिवाद होतो की हेतू नसेल, परिणाम तर झाला. पिढ्यान् पिढ्या हा नकाशा पाहून लोकांच्या मनात उत्तरेचे मोठेपण ठसले. हा आक्षेप वजनदार आहे आणि मला तो मान्य आहे. पण त्याचा रोख मर्केटरकडे जात नाही. नाविकांचा नकाशा वर्गात टांगणाऱ्यांकडे जातो. आणि भूगोलतज्ज्ञ त्याबाबत गप्पही बसले नव्हते. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने १९२२ मध्येच जगाच्या नकाशासाठी व्हान डर ग्रिंटेनचे प्रक्षेपण घेतले, १९८८ मध्ये रॉबिन्सनचे, १९९८ मध्ये विंकेल ट्रिपल. १९८९ साली अमेरिकेतल्या भूगोल आणि नकाशाशास्त्राच्या संघटनांनी ठरावच केला की सर्वसाधारण वापरासाठी जगाचे आयताकृती नकाशे छापणे थांबवावे. पीटर्सचा नकाशाही आयताकृतीच आहे, हे त्याचे कैवारी सांगत नाहीत.

तेव्हा पीटर्सकडे वळू. जर्मन इतिहासकार आर्नो पीटर्स यांनी १९७३ साली हा नकाशा नवा म्हणून जगापुढे ठेवला. जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने तो १८५५ मध्येच मांडला होता. त्यात क्षेत्रफळे बरोबर येतात, हे खरे. किंमत काय पडते, ते आपल्या मुंबईच्या उपनगरांवर ताडून पाहू. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी १९ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास आहेत. या अक्षांशावर पीटर्सचा नकाशा उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १.३४ पट लांबवतो आणि पूर्व-पश्चिम अंतर पाऊणपट करतो. गोल मैदान काढले तर ते रुंदीच्या १.७९ पट उंच दिसेल.

लोकलच्या मार्गांचे काय होते? पश्चिम रेल्वे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जाते, उत्तरेपासून जेमतेम पाच अंश पूर्वेला कलून. मध्य रेल्वे घाटकोपरहून मुलुंडला जाताना सुमारे २८ अंश पूर्वेला कलते. दोघींच्या दिशांतले अंतर २३ अंशांचे. पीटर्सच्या नकाशावर ते १३-१४ अंशांवर येते. मर्केटरवर ते २३ अंशच राहते. आता गंमत पाहा. पीटर्सच्या नकाशावर आकार बिघडत नाहीत असे ठिकाण कोणते? ४५ अंशांची अक्षवृत्ते. त्यांतले उत्तरेचे फ्रान्समधल्या बोर्दोजवळून आणि इटलीतल्या तुरिनवरून जाते. म्हणजे युरोपकेंद्री दृष्टीविरुद्ध उभारलेल्या या नकाशात युरोपचा मध्य सुडौल राहतो आणि मुंबई, लागोस, जकार्ता उभी ताणली जातात. म्हणून पीटर्स यांनी कट केला म्हणायचे का? मुळीच नाही. पण मग तोच न्याय मर्केटरलाही लावा.

क्षेत्रफळासाठी २०१८ सालचे ‘इक्वल अर्थ’ प्रक्षेपण पीटर्सपेक्षा कितीतरी डौलदार आहे, आणि आफ्रिकी संघाने पाठिंबा दिलेल्या मोहिमेचा आग्रह त्याचाच आहे. जगाची लोकसंख्या, शेती किंवा जंगले दाखवायची तर मीही तेच निवडेन. त्यात कोन बिघडतात, म्हणून त्याने कोणी अंधेरीत रस्ता शोधू नये, इतकेच.

कारण अंधेरीत रस्ता मर्केटरच दाखवतो. गूगलने २००५ मध्ये नकाशे आणले, त्यानंतर वेबवरच्या बहुतेक रस्त्यांच्या नकाशांचा पाया मर्केटरचाच एक सुटसुटीत अवतार आहे. चौकात काटकोनात मिळणारे दोन रस्ते पडद्यावरही काटकोनातच मिळावेत, मग ते घाटकोपरचे असोत की नॉर्वेतले, ही त्याची गरज आहे. मर्केटरला शिव्या देणारा लेख ज्या फोनवर वाचला जातो, त्याच फोनवर वाचक जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून वाट काढत असतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. आपली चारही उपनगरे ४७ ए/१६ या एकाच स्थलदर्शक नकाशात येतात: ७२ अंश ४५ मिनिटे ते ७३ अंश पूर्व, १९ अंश ते १९ अंश १५ मिनिटे उत्तर, प्रमाण १:५०,०००. पृथ्वी गोल असल्यामुळे या कागदावरच्या नकाशाची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ०.८ मिलिमीटर आखूड असते. वाकडेपणा एवढाच. जुने नकाशे बहुशंकू प्रक्षेपणावर होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर जनतेसाठीची नवी मालिका आडव्या मर्केटरवर आली. १७७२ साली लांबर्टने सुचवलेली ही युक्ती: मर्केटरचा दंडगोल विषुववृत्ताऐवजी एखाद्या रेखावृत्तालगत आडवा धरायचा. आपल्यासाठी ते रेखावृत्त अहिल्यानगरच्या थोडे पूर्वेकडून जाणारे ७५ अंशांचे. तिथपासून उपनगरे सुमारे २२५ किलोमीटर दूर, तरीही जमिनीवरचा एक किलोमीटर या नकाशात फार तर २३ सेंटिमीटरने वाढतो.

इथे पुन्हा भास्कराचार्य आठवतात. पृथ्वी गोल असूनही सपाट का भासते, याचे त्यांचे उत्तर असे की परिघाचा शंभरावा भाग सपाटच वाटतो. आजच्या मोजणीने हा शतांश ४०० किलोमीटरचा. आडवा मर्केटर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दोनदोनशे किलोमीटर पसरला, तर चूक किलोमीटरमागे अर्ध्या मीटरच्या आत राहते. एवढ्या टापूत मर्केटर जवळजवळ निर्दोष आहे.

मात्र मी मर्केटरचा वकील आहे, भक्त नाही. त्याला जे प्रश्न पेलत नाहीत तेही सांगितले पाहिजेत. वेब-नकाशावर विषुववृत्ताची मोजपट्टी लावून कोणी आपली उपनगरे मोजली, तर अंधेरी-बोरिवली अंतर सातशे मीटरने वाढेल आणि २०११ च्या जनगणनेतला ४४६ चौरस किलोमीटरचा उपनगर जिल्हा जवळजवळ ५०० चा होईल. जिथे चौरस फुटासाठी भावकी तुटते तिथे बारा टक्के ही चेष्टा नव्हे. म्हणून तर गूगलची मोजपट्टी अक्षांशाप्रमाणे बदलते.

दूरच्या दिशा विचाराल तर मर्केटर सरळ चकवतो. मुंबईहून न्यूयॉर्कला त्याच्यावरची सरळ रेषा धरून गेलात तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग सुमारे १२,५३० चा, आणि तो ६४-६५ अंश उत्तरेपर्यंत चढून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी येतो. कुर्ल्याच्या मशिदीतून मक्केची दिशा काढायची तर गोलावरच्या हिशेबाने ती पश्चिमेच्या दहा अंश उत्तरेला येते. मर्केटरवरची रेषा चारच अंश दाखवते. ही नड ओळखून इजिप्तच्या सर्वेक्षण खात्यातल्या जेम्स क्रेगने १९०९ मध्ये कुठूनही मक्केची दिशा बरोबर दाखवणारे स्वतंत्र प्रक्षेपण रचले. त्यात देशांचे आकार विचित्र दिसतात, पण ज्या एका प्रश्नासाठी ते रचले त्याचे उत्तर चोख मिळते.

तर सिद्धान्त असा. प्रक्षेपणाला खरे-खोटे ही कसोटी लागतच नाही; त्याने काय राखले आणि त्यासाठी काय खर्ची घातले, एवढेच विचारता येते. मर्केटरला खोटा ठरवून पीटर्सला खरा म्हणणारे लोक जुनी चूक नव्या नावाने करतात: एकच नकाशा सगळ्या प्रश्नांना पुरेल ही समजूत ते सोडत नाहीत. बोरिवलीच्या एखाद्या शाळेत भिंतीवर जागा असेल तर समक्षेत्र नकाशा लावावा, शेजारी मर्केटर लावावा आणि टेबलावर पृथ्वीगोल ठेवावा. मग दोरा घेऊन मुलांना तिन्हींवर मुंबई-न्यूयॉर्क अंतर मोजू द्यावे. साठ अंशांचा कोसाइन अर्धा असतो हे नववीत कळतेच. तेवढ्या भांडवलावर ग्रीनलंड का फुगतो हे कोणतीही मुलगी स्वतः काढील, आणि तिला त्यासाठी युरोपातल्या कोणाच्या कटाची गरज पडणार नाही.