मंडळी : लक्ष्मीबाई टिळकांचा कडवटपणा आणि त्याचे विसर्जन

लखनौची रेसिडेन्सी १८५७ च्या वेढ्यानंतर ज्या भग्नावस्थेत उरली, त्याच अवस्थेत जतन करण्यात आली आहे. ३० जून १८५७ च्या चिनहटच्या लढाईनंतर वेढा पडला. मार्च १८५८ मध्ये शहर इंग्रजांनी पुन्हा जिंकले आणि त्याच वर्षी अमेरिकन मेथडिस्ट मिशनने येथे कामाला प्रारंभ केला. सूडाच्या स्मृती ताज्या असताना, दोन्ही बाजूंच्या मृतांच्या सान्निध्यात, येथील या पंथाच्या ख्रिस्ती समाजाची पायाभरणी झाली. मनात साठलेल्या कडवटपणाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे येथे आरंभापासूनच उभा होता.

याच उठावाचे एक टोक मराठी वाङ्मयात अनपेक्षित ठिकाणी सापडते. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात झालेल्या फाशीचा उल्लेख येतो. त्या आघाताचा परिणाम त्यांच्या वडिलांवर, नारायणराव गोखले यांच्यावर झाला आणि सोवळ्याचे वेड त्या घरात शिरले. धान्य धुणे, वस्तू धुणे, माणसांना दूर ठेवणे यांत त्या घरातील बायकामुलांचे आयुष्य करपून गेले. राजकीय अपमानाचा सूड बाहेर घेता येत नाही, तेव्हा तो घरात शुद्धीच्या आग्रहाचे रूप घेतो, असा या प्रसंगांचा अन्वयार्थ लावता येतो. लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्यातील कडवटपणाला ही पूर्वपीठिका आहे.

१८८० मध्ये त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी ब्राह्मण पुरुषाच्या धर्मांतराने त्याची पत्नी एका विचित्र अवस्थेत लोटली जाई : नवरा जिवंत, पण संसार मेलेला. विधवेच्या दुःखाला निदान समाजमान्य विधी होते. या दुःखाला तेही नव्हते. लक्ष्मीबाई आपल्या मुलाला घेऊन नाशिक, पंढरपूर येथे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. वियोगाचा हा काळ चार वर्षांहून अधिक लांबला. त्यांच्या काव्यरचनेचा उगमही याच दुःखात आहे, ही बाब वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

येथे एका शंकेचा विचार करणे अगत्याचे आहे. अन्याय पत्नीवर झाला होता. न विचारता तिचे जग मोडण्यात आले होते. अशा स्त्रीने पुढे पतीच्या धर्मात प्रवेश करावा आणि त्याला 'कडवटपणावरील विजय' म्हणावे, हे वस्तुतः शरणागतीचे गोंडस नाव तर नव्हे? स्त्रीवादी वाचनाने हा प्रश्न उपस्थित केला तर तो डावलता येणार नाही. त्याचे उत्तर घटनांच्या क्रमात शोधावे लागते.

टिळकांकडे परत आल्यावर लक्ष्मीबाईंनी लगेच धर्मांतर केले नाही. पतीजवळ राहूनही सोवळे सांभाळणे, वेगळे शिजविणे, वेगळे पाणी भरणे असा त्यांचा क्रम चालू राहिला. राहुरीच्या वास्तव्यात त्यांच्या मनाने एक निर्णय घेतला : जाती ईश्वराने केल्या की माणसाने, हा प्रश्न स्वतःला विचारून त्यांनी जातिभेदाचा त्याग केला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी केली. १९०० मध्ये त्यांनी दीक्षा घेतली ती यानंतर. आधी पंक्ती बदलली, मग पंथ बदलला. ख्रिस्ती सिद्धान्त पटल्यामुळे त्यांनी सोवळे सोडले असे घडले नाही. उलट सोवळे सुटल्यावर त्या सिद्धान्ताला त्यांच्या जगण्यात शिरण्यास वाट मिळाली. बाबा पदमनजी यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राशी तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो. तेथे वाचन, वादविवाद आणि बुद्धीची खात्री यांतून धर्मांतराकडे जाणारा मार्ग आहे. येथे तो मार्ग स्वयंपाकघरातून जातो. शिवाय हा निर्णय पतीच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःशी केलेल्या विचारातून झाला, हे वरील शंकेचे पहिले उत्तर होय.

दुसरे उत्तर 'मंडळी' या शब्दात आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत चर्च या अर्थी 'मंडळी' हा शब्द रूढ झाला. मराठीत 'मंडळी' म्हणजे जमलेले लोक, घरातली माणसे. आणि जुन्या बोलण्यात पुरुष आपल्या पत्नीचा निर्देशही 'आमची मंडळी' असा करीत. उत्तर हिंदुस्थानातील ख्रिस्ती उर्दूत यासाठी 'कलीसिया' हा मुळात ग्रीक, अरबीमार्गे आलेला शब्द आहे. ख्रिस्ती हिंदीतही तो आहे आणि त्याच्या जोडीला 'मंडली'ही आहे. परंतु पत्नी, घर आणि उपासक समाज हे तिन्ही अर्थ एका शब्दात वागविण्याची सोय मराठीने केली. १८९५ मध्ये टिळकांना एक मंडळी मिळाली आणि दुसरी दुरावली. लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्याचा इतिहास हा या दोन अर्थांची पुन्हा गाठ पडण्याचा इतिहास आहे.

ही गाठ उपासनामंदिरात पडण्यापूर्वी कामात पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी अनाथ झालेली मुले टिळकांच्या घरी आली. त्यांचे खाणेपिणे, दुखणी आणि भांडणे लक्ष्मीबाईंनी पाहिली. प्लेगच्या काळात, शेजारी शेजाऱ्याला टाळत असताना, रुग्णांची सेवा या दांपत्याने केली. पुढे अहमदनगरच्या घरात बालकवी ठोंबरे राहिले, तेव्हा दीक्षा न घेतलेला तो तरुण कवीही याच घरच्या मंडळीत मोडला. ज्या स्त्रीच्या माहेरी परक्याचा स्पर्श हे संकट होते, तिच्या दारात आता परक्यांची मुले वाढत होती. कडवटपणा मनाला एकाच दुःखाभोवती फिरवीत ठेवतो. येथे इतरांच्या दुःखाची इतकी दाटी झाली की स्वतःच्या दुःखाला एकट्याने ऐसपैस बसण्यास जागा उरली नाही.

मंडळीचे हे चित्र निर्दोष नव्हते. मिशनमधील गोरे-काळे भेद, पगार आणि अधिकार यांची उतरंड टिळकांना जाचत होती. १९१७ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' या कल्पनेकडे वळले. ख्रिस्ताला मानणारे दीक्षित आणि अदीक्षित यांचा तो बंधुसमाज व्हावा, असा त्यांचा मानस होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार वाढू शकला नाही. मंडळी आपोआप कडवटपणा नाहीसा करीत नाही; कधी ती नव्या कडवटपणाचे कारणही होते, हे या घटनेवरून ध्यानी यावे.

या ठिकाणी लखनौकडे परत येणे उचित ठरेल. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स १९०७ मध्ये येथील इंग्रजी भाषिक चर्चचे पाळक म्हणून आले. काही वर्षांतच त्यांची प्रकृती पूर्ण ढासळली आणि लालबागच्या चर्चमध्ये प्रार्थना करताना आपण सावरलो, असे त्यांनी सांगितले आहे. त्यांनी १९३० मध्ये सातताल येथे आणि १९३५ मध्ये लखनौत आश्रम स्थापन केला. युरोपीय आणि भारतीय यांनी एकत्र राहावे, सफाईचे कामही वाटून घ्यावे, हे त्या जीवनाचे सूत्र होते. १९५० मध्ये लखनौत 'नूर मंझिल' हे मानसोपचार केंद्र त्यांच्या प्रयत्नांतून सुरू झाले. भय, आकस आणि अपराधभाव यांचा शरीरावर होणारा परिणाम हा जोन्स यांच्या लेखनात वारंवार येणारा विषय आहे. नूर मंझिल ही त्या चिंतनाची संस्थारूप परिणती मानता येईल.

देवाचा दरबार आणि लखनौचा आश्रम यांच्यात थेट ऋणानुबंध होता, असे येथे सुचवावयाचे नाही. साम्य आहे ते निदानात. मनातील कडवटपणा उपदेशाने जात नाही. त्यासाठी एका चुलीवरचे जेवण आणि वाटून घेतलेले हलके काम लागते, हे दोन्हीकडे ओळखले गेले. भेदही लक्षात घ्यावयास हवा. जोन्स यांनी त्यासाठी संस्था उभारल्या. लक्ष्मीबाईंनी तेच काम कोणत्याही योजनेविना आपल्या घरात केले, आणि म्हणून इतिहासात त्याची नोंद संस्थेच्या अहवालाऐवजी आत्मचरित्राच्या रूपाने राहिली.

१९३४ पासून 'स्मृतिचित्रे' चार भागांत प्रसिद्ध झाली. तिच्या पृष्ठांवर टिळकांचा संताप, त्यांचे हाती असेल ते देऊन टाकणे, घरखर्चाची त्रेधा यांपैकी काहीही झाकलेले नाही. लक्ष्मीबाईंनी आपले गाऱ्हाणे मागे घेतले नाही. त्यातील विष तेवढे निघून गेले आणि तेथे हसू आले. क्षमा म्हणजे विस्मरण, हा समज या ग्रंथाने खोटा ठरतो. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी ओवीछंदात पुढे नेले आणि त्याचे ६४ अध्याय रचले. ज्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला, त्याचेच महाकाव्य त्यांच्या हातून लिहिले गेले. यास शरणागती म्हणावयाचे असेल तर 'स्मृतिचित्रे'मधील प्रत्येक हसरे, बोचरे वाक्य त्या निष्कर्षाच्या आड येते.

आजोबांच्या फाशीपासून सुरू झालेली कटुता वडिलांच्या सोवळ्यात गोठली आणि लेकीच्या घरात, परक्या मुलांच्या पंक्तीत विरघळली. हा क्रम जवळपास अर्धशतकाचा आहे. १८५७ चा इतिहास लिहिताना आपण लखनौचे भग्न बुरूज मोजतो; राहुरीच्या एका घरात एका बाईने सोडलेले सोवळेही त्याच इतिहासात मोजले गेले पाहिजे.