क्नोपपुंट सायकलमार्ग

बेल्जियमचा फ्लँडर्स प्रदेश आणि नेदरलँड्स यांच्या सपाट शेतमुलखात पसरलेले, क्रमांकांच्या पाट्यांनी जोडलेले सायकलरस्त्यांचे जाळे. दोन किंवा अधिक मार्ग जिथे मिळतात त्या तिठ्याला वा चौकाला ‘क्नोपपुंट’ म्हणतात आणि त्याला १ ते ९९ मधला एक क्रमांक दिलेला असतो. शेतरस्ते, कालव्यांचे काठ, धरणबांधांचे माथे, उखडलेल्या लोहमार्गांच्या पट्ट्या आणि स्वतंत्र सायकलवाटा यांतून हे मार्ग जातात. एकट्या नेदरलँड्समध्ये त्यांची लांबी ३० हजार किलोमीटरांहून अधिक आहे. मोटारींचा त्रास नसलेली, निवांत, लांब पल्ल्याची रस्त्यावरची सायकलफेरी आज जगात सर्वांत सहज कुठे मिळत असेल, तर ती इथे.

या पद्धतीचा जन्म कोळशाच्या मुलखात झाला. बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतातल्या खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या आणि १९९२ मध्ये शेवटची खाण मिटली. काम गेलेल्या त्या प्रांताला नवा उद्योग हवा होता, त्यासाठी पर्यटनाकडे वळायचे ठरले. ह्यूगो बॉलन या खाण-अभियंत्याने क्रमांकित चौकांची कल्पना मांडली आणि १९९५ मध्ये लिंबुर्खमध्ये पहिले जाळे खुले झाले. तोवरच्या सायकलसहली ठरावीक वर्तुळाच्या असत. एका नावाच्या पाट्यांमागे निघायचे ते वर्तुळ पुरे करूनच परतायचे. बॉलन यांच्या पद्धतीत प्रवासी स्वतःचा मार्ग स्वतः ठरवतो. नकाशा पाहून २३, ४७, ८, ६१ असे काही आकडे कागदावर लिहायचे, तो कागद हँडलला चिकटवायचा आणि निघायचे. प्रत्येक चौकात पुढच्या क्रमांकांकडे नेणारे बाण असतात, जोडीला आसपासच्या मार्गांचा नकाशाही असतो. पाऊस आला, पाय दुखले, मूल कंटाळले, तर पुढच्या चौकातून घरचा रस्ता धरता येतो. गावांची नावे उच्चारता न येणारा परदेशी पाहुणाही आकड्यांच्या आधारे दिवसभर न चुकता फिरू शकतो. उपग्रहावरून वाट दाखवणारे फोन खिशात आल्यानंतरही ही पद्धत टिकली आहे, कारण फोन फार तर वाट दाखवतो. ती वाट सायकलला योग्य आहे याची हमी पाटी लावणाऱ्याने आधीच दिलेली असते.

नेदरलँड्सने १९९९ मध्ये, सीमेपलीकडच्या आपल्या, लिंबुर्ख याच नावाच्या प्रांतातूनच, ही पद्धत उचलली आणि पुढच्या दशकांत ती देशभर नेली. डच पाट्यांवर पांढऱ्यावर हिरवे आकडे असतात, फ्लँडर्सच्या पाट्या निळ्या असतात. जर्मनीच्या काही भागांतही आता हेच आकडे दिसतात.

या मुलखाचा सपाटपणा बऱ्याच अंशी माणसाने घडवलेला आहे. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेचे बेमस्टर हे सरोवर पवनचक्क्यांनी उपसून १६१२ मध्ये कोरडे केले गेले. आज तिथे समुद्रसपाटीच्या सुमारे ३.५ मीटर खाली आखीव चौकोनी शेते आणि सरळ रेषेतले रस्ते आहेत. १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले. विसाव्या शतकात काम याहून मोठे झाले. १९३२ मध्ये ३२ किलोमीटरांच्या बांधाने समुद्राची एक खाडी अडवली गेली आणि तिच्या पोटातून टप्प्याटप्प्याने नवी जमीन काढण्यात आली.

यांपैकी १९४२ मध्ये कोरडा झालेला नोर्डोस्टपोल्डर हा भाग सायकलस्वाराने आवर्जून पाहावा असा आहे. मधोमध एमेलोर्ड हे गाव आणि भोवती कड्यासारखी दहा खेडी, अशी त्याची रचना आहे. खेड्यांमधली अंतरे ठरवताना आखणाऱ्यांनी सायकल हे माप धरले होते. शेतमजुराला कामावर आणि मुलांना शाळेत सायकलने जाता यावे, एवढ्या अंतरावर गाव हवे. पुढे मोटार आली, शेतीत यंत्रे आली आणि हा हिशेब चुकला. खेडी अपेक्षेइतकी वाढली नाहीत, दुकाने एमेलोर्डला गेली. गावकऱ्यांचे त्यात नुकसान झाले. मात्र रस्ते तेवढेच राहिले, दुतर्फा झाडांचे, मैलोन्‌मैल सरळ आणि मोकळे. या पोल्डरमध्येच (बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन म्हणजे पोल्डर) स्खोकलांड हे जुने बेट आहे. समुद्राच्या माऱ्याने १८५९ मध्ये ते रिकामे करावे लागले होते. आता त्याच्या चहूबाजूंना शेते आहेत आणि पूर्वी बोटींनी वळसा घातलेल्या त्या काठाने सायकलवाट जाते.

सपाट जमीन जगात पुष्कळ आहे. आपल्या गोदाकाठी आहे, गंगेच्या खोऱ्यात तर क्षितिजापर्यंत आहे. तरी सपाट जमिनीवरचा रस्ता आपोआप शांत होत नाही. उलट सरळ, रुंद रस्ता दिसला की वाहने वेग घेतात. डच रस्ते शांत आहेत, कारण ते तसे ठेवण्याचा निर्णय झाला आणि त्यामागे फार मोठे दुःख आहे. १९७१ मध्ये या छोट्या देशात ३,२०० हून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यानंतर लवकरच ‘मुलांचे खून थांबवा’ अशा थेट नावाची चळवळ उभी राहिली आणि पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने मोटारबंद रविवार जाहीर केले, तेव्हा महामार्गांवर माणसे सायकली घेऊन फिरली. १९९० च्या दशकात रस्त्यांचे कामानुसार वर्ग पाडण्याचे धोरण आले. दूरची वाहतूक मोठ्या रस्त्यावर, आणि शेतरस्ता फक्त त्या शेतावर जाणाऱ्यासाठी. अशा असंख्य ग्रामीण रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर करण्यात आली.

मर्यादेची पाटी लावून मात्र आडवाटेने घुसणाऱ्या मोटारी थांबत नाहीत. म्हणून रस्त्यातच अडसर बांधतात. त्यातला एक फार विचारपूर्वक केलेला आहे: रस्त्याच्या मधोमध खड्डा किंवा उंचवटा अशा मापाने घडवतात, की रुंद आणि उंच चाकांचा ट्रॅक्टर वरून सहज जातो, मोटार मात्र अडते. सायकल बाजूच्या फटीतून निघते. शेतकऱ्याची सोय राहते, जवळची वाट शोधणाऱ्याला बंदी होते. महामार्ग गावरस्त्याला छेदतो तिथे सायकलसाठी बोगदा किंवा पूल ठेवतात, म्हणजे गावाची जुनी वाट तुटत नाही. या जाळ्याचे खरे मोठेपण हेच आहे. पाट्या नंतर आल्या. शांतता आधी बांधून घेतलेली होती.

या मुलखात चढ नाही, त्याची जागा वारा घेतो. ताशी २० किलोमीटर वेगाने चालवणाऱ्याला तेवढ्याच वेगाचा वारा समोरून आला तर हवेचा रोध चौपट होतो. घाटाला माथा असतो आणि पलीकडे उतार असतो. उघड्या बांधावरच्या वाऱ्याला तसा शेवट नसतो. म्हणून जाणकार जाताना वाऱ्याच्या तोंडी जातात आणि थकल्यावर त्याला पाठीवर घेऊन परततात. झेलंड प्रांतातल्या ऑस्टरस्खेल्डे धरणबांधावर २०१३ पासून समोरच्या वाऱ्याविरुद्ध सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धाही होते. वादळाचा अंदाज आला की थोडेच दिवस आधी ती जाहीर होते. अंतर ८.५ किलोमीटर, आणि सर्वांना गिअर नसलेली साधी सरळ बैठकीची सायकल.

वाटेवरच्या सोयी साध्या आहेत. शेताच्या फाटकाशी अंडी, बटाटे, फुले मांडलेली असतात आणि शेजारी पैशांची पेटी असते. काही शेतकरी अंगणात स्वतःच ओतून घ्यायची कॉफी ठेवतात. लहान नद्यांवर फक्त पादचारी आणि सायकलींना नेणाऱ्या होड्या असतात. काही ठिकाणी साखळी ओढून तराफा आपणच पलीकडे न्यायचा असतो. बेल्जियन लिंबुर्खमध्ये बोक्रेक इथे २०१६ पासून तळ्यातून जाणारी २१२ मीटरची वाट आहे, तिथे दोन्ही बाजूंचे पाणी सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या पातळीला येते. ती पाहायला गर्दी होते. शांततेसाठी ब्रुग्ज ते डॅम हा उंच पॉपलरांचा कालवाकाठ सकाळी लवकर गाठावा.

धोके आहेत आणि ते लपवू नयेत. शरदात बीटच्या काढणीवेळी ट्रॅक्टर रस्त्यावर चिकणमाती सोडतात, पाऊस पडला की ती निसरडी होते. मोटारी अडवण्यासाठी वाटेत रोवलेले खांब संध्याकाळी दिसत नाहीत. नेदरलँड्समध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी सुमारे निम्म्या आता विजेवर चालणाऱ्या आहेत, त्यांचा वेग आणि वजन वयस्करांना झेपतेच असे नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २९१ सायकलस्वार अपघातांत दगावले. रस्ता शांत असला तरी हेल्मेट घालणे शहाणपणाचे आहे, मग स्थानिक लोक ते घालोत वा न घालोत.

ॲमस्टरडॅमलगतच्या आम्स्टलफेनमध्ये बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या दारापासून अगदी जवळ रोंडे हूप हा मध्ययुगीन पोल्डर आहे. मधल्या कुरणात एकही रस्ता नाही. ते पक्ष्यांच्या विणीसाठी राखलेले आहे. भोवतीच्या बांधावरून नदीकाठाने जाणारी सुमारे १७ किलोमीटरांची फेरी नवख्यालाही दोन तासांत जमते.

महाराष्ट्रात कालव्यांच्या काठचे सेवारस्ते आहेत, शेताशेतांतून जाणारे पाणंद रस्ते आहेत आणि २०२१ पासून पाणंद पक्क्या करण्याची राज्याची योजनाही आहे. बॉलन यांच्या जाळ्यासाठी नवे रस्ते फारसे बांधावे लागले नव्हते. असलेले निवडून, जोडून त्यांना क्रमांक देण्यात आले होते. ऊसपट्ट्यातल्या एखाद्या तालुक्याने आपल्या पाणंदी आणि कालवाकाठ असे जोडून पाहावेत, आणि पाट्या लावण्याआधी तिथून जवळची वाट काढणारी वाहने थांबवावीत.