बदलापूर ते मशीद, तीन अक्षरांत

मी बदलापूरला, मांजर्लीत राहतो. प्रवासात इथे घोडे बदलत, म्हणून गावाचं नाव बदलापूर पडलं, ही कथा इथल्या प्रत्येक पोराने ऐकलेली असते. कथेतला 'बदल' हा शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे मराठीत आलेला. हे मला कळलं ते हिब्रू शिकताना. आणि हिब्रू शिकायला लागलो ते एका फोटोमुळे.

आमच्या टीममधला एक जण इस्राएलमध्ये असतो. त्याची आजी अलिबागकडची. गेल्या वर्षी त्यांच्या वल्हांडणाच्या सणाला त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एका जुन्या पुस्तकाचं पान पाठवलं. पानावर हिब्रू होतं आणि मराठीही. त्याने विचारलं, ''आजी यातलं जे वाचायची, ते मला वाचता येत नाही. तुला येतं का?'' मी मराठी वाचून त्याला इंग्रजीत सांगितलं. मग म्हटलं, आता दुसरी बाजू तू मला शिकव.

हिब्रू क्रियापदाचं मूळ बहुतेक वेळा तीन व्यंजनांचं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर व्यंजनं म्हणजे डेटा आणि स्वरांचा साचा म्हणजे फंक्शन. ल-म-द घ्या. 'लामद' म्हणजे तो शिकला, 'लिमेद' म्हणजे त्याने शिकवलं, 'तल्मीद' म्हणजे विद्यार्थी. 'तालमूद' हे नावही त्यातूनच आलं. क्रियापदांचे असे मुख्य साचे सात. साच्याला हिब्रूत म्हणतात 'बिन्यान', म्हणजे इमारत.

हे ऐकायला परकं वाटतं, पण आपल्याकडेही याची झलक आहे. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे. व्यंजनं जवळपास तीच, आतला स्वर बदलला की कर्ता बदलतो. आता हिब्रूतलं श-व-र पाहा. 'शावर' म्हणजे त्याने तोडलं, 'निश्बर' म्हणजे ते तुटलं, 'शिबेर' म्हणजे त्याने तुकडे तुकडे केले. (मधला व आणि ब हे हिब्रूत एकच अक्षर.) आपल्याकडे ही युक्ती मोजक्या धातूंपुरती चालते, तिकडे अख्खी भाषा तिच्यावर उभी आहे.

त्या फोटोतलं पुस्तक होतं 'हग्गादा'. वल्हांडणाच्या रात्री वाचायचं, मिसरमधल्या गुलामीतून सुटकेचं कथन. शब्दाचं मूळ न-ग-द, पण शब्दात 'न' कुठेच नाही. तो पुढच्या 'ग'मध्ये विरघळतो आणि 'ग' दुप्पट होतो. पहिल्यांदा मला हा बग वाटला. नंतर कळलं, नियमच आहे. एखादं अक्षर दिसेनासं होतं, पण त्याचा दाब शेजारच्या अक्षरावर राहतो.

बेने इस्राएल लोकांचा इतिहासही मला तसाच वाटतो. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. वाचलेले लोक कोकणात स्थायिक झाले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि राजपूरकर, दिवेकर, तळकर झाले. हिब्रू गेली. उरली ती सुंता, खाण्याचे नियम, 'शमा' ही प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. 'शब्बाथ'चं मूळ श-ब-त, अर्थ थांबणे. भाषा विसरलेल्या माणसांनी एक क्रियापद मात्र दर आठवड्याला पाळलं.

हिब्रू परत आली ती वेगवेगळ्या वाटांनी. कोचीनहून ज्यू शिक्षक आले. मिशनरीही आले. १८२९ साली मुंबईत आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. दादोबा पांडुरंगांचं प्रसिद्ध मराठी व्याकरण १८३६ चं. म्हणजे दादोबांच्या चार वर्षं आधी मराठी माणूस मराठीतून हिब्रूचे साचे शिकू शकत होता.

विल्सन यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यात लपवाछपवी नव्हती. पण झालं भलतंच. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) मिशनच्या शाळेत शिकले, मुंबईतल्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले. त्यांनी ज्यू प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. मराठी हग्गादा मुंबईत १८४६ मध्येच छापली गेली होती. १८७४ च्या पुण्यातल्या हग्गादेत तर बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत दिसतात. शतकानुशतकं अर्थ न कळता जपलेली प्रार्थना आता आजीलाही समजू लागली.

यात माझा काय संबंध, असं मला वाटायचं. मग एकदा अंबरनाथला तहसील कार्यालयात रांगेत उभा होतो. समोर पाटी: अंमलबजावणी. अंमल, अंमलदार, मामला, मामलेदार या सगळ्यांचं अरबी मूळ एकच, त्यात अ-म-ल ही व्यंजनं. हिब्रूत 'अमाल' म्हणजे कष्ट. अरबी आणि हिब्रू या बहिणी, त्यामुळे साचेही भेटतात. बदल, बदली, मोबदला. कबूल आणि मुकाबला. त्याच क-ब-ल पासून हिब्रूत 'किबेल' म्हणजे स्वीकारलं आणि 'कब्बाला' म्हणजे मिळालेली परंपरा. द-र-स पासून आपल्या ओळखीचा मदरसा, द-र-श पासून हिब्रूतला 'मिद्राश'. सुरुवातीचा 'म' बऱ्याचदा जागा दाखवतो. मशीद म्हणजे सजदा करण्याची जागा.

बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगलाही मशीदच म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेलं 'शआर हाराहमीम' हे त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे 'जुनी मशीद'. सेंट्रल लाइनवरच्या मशीद स्टेशनचं नाव तिच्यावरून पडलं असं म्हणतात. माझी लोकल रोज तिथे थांबते.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये सरकारने त्यांना पूर्ण समान मानलं. मग मुलं हिब्रूत वाढली, नातवंडांची मराठी सुटली. आधी हिब्रू गेली होती, आता मराठी. दोन्ही वेळा घराने काहीतरी धरून ठेवलं. या वेळी ते एक पुस्तक होतं.

या वर्षी सणाआधी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. त्याला देवनागरी मुळाक्षरं येऊ लागलीत, मला हिब्रू. तो मराठी ओळ अडखळत वाचत होता, मी हिब्रू. एका शब्दाशी त्याने मला थांबवलं. म्हणाला, ''यात एक अक्षर दिसत नाहीये, शोध.''

मी म्हटलं, ''न.''