डिजिटल भारत निधी

डिजिटल भारत निधी : दूरसंचार सेवा धंद्याच्या हिशेबात जिथे परवडत नाही, तिथे ती पोहोचवण्यासाठी केंद्र सरकारने राखलेला निधी. पूर्वीचे नाव ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’. गावोगाव ब्रॉडबँड नेणारी भारतनेट योजना याच निधीतून उभी राहिली. शहरातील वंचित वस्त्यांशी त्याचा संबंध अलीकडे आला असून त्यातील अडचणी मुंबईच्या घोडपदेवसारख्या जुन्या कामगार वस्तीत स्पष्ट दिसतात.

उगम व कायदा : १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात या निधीची कल्पना मांडली गेली आणि १ एप्रिल २००२ पासून ती अमलात आली. २००३ च्या दुरुस्तीने भारतीय तार अधिनियमात निधीला वैधानिक स्थान मिळाले. या कायद्यात सेवेचे दायित्व ‘ग्रामीण व दुर्गम भागांपुरते’ होते. सुरुवातीचा भर साध्या टेलिफोनवर होता. २००६ च्या दुरुस्तीने मोबाइल आणि ब्रॉडबँडलाही वाट मोकळी झाली. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने निधीचे नाव बदलले आणि सेवेपासून वंचित अशा ग्रामीण व दुर्गम भागांच्या जोडीला ‘शहरी’ भागही घातले. निधीचे नियम ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झाले.

पैशाची वाट : परवानाधारक कंपन्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के रक्कम या कामासाठी भरतात. ती आधी भारताच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेच्या मंजुरीनंतरच खर्चासाठी मिळते. हा महसूल ग्राहकांच्या बिलांतून येतो. म्हणजे घोडपदेवच्या चाळीत होणाऱ्या रिचार्जचाही त्यात वाटा असतो.

भारतनेट व महानेट : ऑक्टोबर २०११ मध्ये मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे’ मंजूर केले, पुढे त्याचे नाव भारतनेट झाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे उद्दिष्ट होते. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाख ग्रामपंचायती झाल्या. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतले. ‘महाआयटी’ या शासकीय महामंडळामार्फत ‘महानेट’ उभारले गेले. ग्रामपंचायत कार्यालयातल्या पेटीपर्यंत फायबर आले, तरी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटणे, वीज गेली की यंत्र बंद पडणे आणि पेटीपासून घरापर्यंत जोडणी देणारे कोणी नसणे, हे दोष राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत म्हणूनच कड्यासारखी रचना (एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू) आणि दीर्घ मुदतीच्या देखभालीची तरतूद आहे.

शहरी वस्ती – घोडपदेव : भायखळा पूर्व आणि रे रोड यांच्यामधला हा भाग महापालिकेच्या ई विभागात येतो. गिरणी व गोदी कामगारांच्या चाळी, उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती आणि न्यू हिंद मिलच्या जागेवर ‘म्हाडा’ या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने गिरणी कामगारांसाठी बांधलेले टॉवर इथे शेजारी शेजारी आहेत. २०२३ पर्यंतच्या कायद्यात ही वस्ती बसत नव्हती. मुंबईच्या मधोमध असलेल्या भागाला दुर्गम कोण म्हणणार?

अशा चाळींत घरचे इंटरनेट बहुधा केबलवाल्याकडून येते. तार खांबावरून गच्चीवर जाते, तिथून गॅलरीच्या कठड्याला बांधत आणली जाते आणि दाराच्या चौकटीवरच्या भोकातून खोलीत शिरते. जिन्याखालच्या पेटीत एका फायबरला अनेक फाटे फोडलेले असतात. फायबर दारापर्यंत आले तरी महिन्याचे भाडे, पेटीच्या जागेसाठी व विजेसाठी मालकाची किंवा सोसायटीची ना हरकत आणि पुनर्विकासाच्या वाटेवरच्या इमारतीत नवी जोडणी द्यायला कंपन्यांचा निरुत्साह, हे प्रश्न उरतात. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली, तेव्हा एका फोनवर दोन-तीन मुलांचे वर्ग, अशी मुंबईच्या अनेक छोट्या खोल्यांची स्थिती होती.

शहरासाठी झालेले सरकारी प्रयत्न मुख्यतः सार्वजनिक वाय-फायचे आहेत. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल व गुगल यांनी मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू केले. जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘आपले सरकार मुंबई वाय-फाय’ ५०० ठिकाणी सुरू केले. डिसेंबर २०२० च्या पीएम-वाणी योजनेत चहाची टपरी किंवा किराणा दुकानही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकते. रस्त्यावर वा स्थानकावर या सोयी कामाला येतात. रात्री खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलीला त्यांचा उपयोग थोडा.

तुलना : अमेरिकेने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात जाळे उभारण्यासाठी ४२.४५ अब्ज डॉलर ठेवले आणि गरीब कुटुंबांच्या बिलात महिन्याला ३० डॉलरपर्यंत सूट देणारी वेगळी योजना आखली. पैसे संपल्याने ती सूट १ जून २०२४ रोजी बंद झाली. ज्यांना पूर्ण बिल झेपत नव्हते, त्यांच्या घरी तार असूनही जोडणी तोडण्याची वेळ आली.

निकषाचा प्रश्न : भारतात वंचितपणा आजवर प्रामुख्याने अंतराने मोजला गेला : तालुक्यापासून किती किलोमीटर, गावात फायबर आहे की नाही. घोडपदेवमध्ये फायबर जिन्यापर्यंत आलेले असते आणि घर तरीही जोडलेले नसते. कायद्यात आलेल्या ‘शहरी’ या शब्दाला या वस्तीत अर्थ यायचा, तर जिन्यापासून खोलीपर्यंतचे ते वीस-पंचवीस फूट आणि दर महिन्याचे बिलही निकषात मोजावे लागेल.