जिभेचा निवाडा आणि विहिरीचे पाणी

नव्या विहिरीला पाणी लागले म्हणजे ते प्रथम चाखून पाहावयाचे, ही रीत फार जुनी आहे. गोडे, मचूळ, खारे, जड अशी पाण्याची वर्गवारी जिभेनेच केली. डाळ शिजते की नाही आणि साबणाला फेस येतो की नाही, एवढी भर तिच्या निवाड्यात स्वयंपाकघराने व धुण्याच्या दगडाने घातली. या पंचांवर समाजाने शतकानुशतके विश्वास ठेवला. तो विश्वास किती घातक ठरू शकतो, हे १८५४ साली लंडनमधील एका विहिरीने दाखवून दिले.

सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवर ही विहीर होती व तिच्यावर हातपंप बसविलेला होता. पाणी थंड, नितळ आणि चवीला इतके सरस की, जवळचे दुसरे पंप सोडून लोक येथे येत. दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेलेली एक विधवा तर रोज गाडीवाल्याकडून या पाण्याची मोठी बाटली मागवीत असे. ३१ ऑगस्टच्या रात्री सोहोत पटकीचा उद्रेक झाला. २ सप्टेंबरला ही बाई वारली. तिच्या भेटीस आलेली पुतणी तेच पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. त्या दोन्ही ठिकाणी तेव्हा पटकी नव्हती. सोहोत दहा दिवसांत पाचशेंवर माणसे मृत्युमुखी पडली.

पटकी पाण्यातून पसरते, असे डॉ. जॉन स्नो यांचे मत होते. त्यांनी ३ सप्टेंबरच्या संध्याकाळी पंपाचे पाणी तपासले. त्यात सेंद्रिय घाण इतकी थोडी आढळली की, निष्कर्ष काढावा की नाही, याविषयी ते स्वतःच घुटमळले. म्हणजे जिभेने पाणी उत्तम ठरविले होते आणि उपलब्ध परीक्षेनेही त्याला दोषी ठरविले नाही! शेवटी स्नो यांनी मृत्यूंची नोंदवही हाती घेतली, घरोघर चौकशी केली आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढविला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

त्याच वस्तीतील सेंट ल्यूक चर्चचे तरुण धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे म्हणणे मुळीच पटले नव्हते. ते खोडून काढावे, या हेतूनेच त्यांनी आपल्या लोकांची विचारपूस आरंभिली. मरणाऱ्यांच्या उशाशी बसलेल्या या माणसाला प्रत्येक घर ओळखीचे होते. त्यामुळे डॉक्टरला जी माहिती मिळणे कठीण, ती त्यांना मिळाली. जसजसा पुरावा जमला तसतसे त्यांचे मत पालटले. १८५५ साली नोंदी चाळताना त्यांना पंपाजवळच्या ४० क्रमांकाच्या घरातील एका तान्ह्या मुलीचा मृत्यू दिसला. ती उद्रेकाच्या आधीच आजारी पडली होती. तिची लंगोटी धुतलेले पाणी आईने घरापुढील मैलाकुंडात ओतले होते. खणून पाहता कुंडाच्या विटा ढिल्या झालेल्या आढळल्या. कुंड आणि विहीर यांमधील अंतर ३ फुटांहूनही कमी होते.

आता एक विसंगती पाहा. पाण्याचा जडपणा अचूक मोजण्याची रीत याआधी १३ वर्षे सिद्ध झाली होती. अॅबर्डीन येथील रसायनाचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांची ती रीत १८४१ सालची. ठराविक शक्तीचे साबणाचे पाणी नमुन्यात थोडे थोडे घालून बाटली हलवावयाची. टिकाऊ फेस येईपर्यंत किती साबण लागला, त्यावरून चुना व मॅग्नेशियम यांचे प्रमाण निघते. जड पाणी तापले म्हणजे हेच क्षार बंबात व बॉयलरात पांढरा थर धरतात. इंधन वाया जाते, नळ्या बुजतात. साबणाची नासाडी मोजता येऊ लागली, पण माणसे कशाने मरतात ते मात्र मोजता येईना. उद्योगाची गरज विज्ञानाच्या दारी आधी पोहोचली, असेच म्हणावे लागते.

पुढची काही वर्षे रसायनशास्त्रज्ञांच्या वादात गेली. अमोनिया मोजून मैला ओळखावा, असे वँकलिन म्हणत. फ्रँकलंड दुसरी पद्धत पुढे करीत. दोघेही सावल्याच मोजीत होते. १८८१ साली रॉबर्ट कॉख यांनी जिलेटीनच्या थरावर जंतू वाढवून मोजण्याची रीत लंडनमध्ये दाखविली. १८८४ साली त्यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यातच पटकीचा जंतू सापडला. तरी रोगजंतू पाण्यात क्वचित व विरळ असतात. प्रत्येकाला शोधीत बसणे व्यवहार्य नव्हे. १८८५ साली एशेरिख यांनी तान्ह्या मुलांच्या मळातून जो जंतू वेगळा केला, त्याने वाट मोकळी केली. माणसांच्या व जनावरांच्या आतड्यात तो विपुल असतो. पाण्यात तो आढळला तर मैल्याला तेथवर वाट आहे, हे सिद्ध होते. चोर हाती लागत नसेल तर त्याचा माग काढावा, तसे हे आहे. आजच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात हा जंतू मुळीच आढळता कामा नये.

तिसरी परीक्षा गंजाची. जड पाणी वाईट म्हणून हलके पाणी निर्दोष, असा समज सर्वत्र आहे; तो खरा नव्हे. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते व ते भांड्यांवर थर चढविते. गोवा आणि कोकण येथील जांभ्यातील पाणी हलके व किंचित आम्ल असते; ते लोखंडी नळ हळूहळू खाते आणि तांब्यापितळेच्या जोडांतून हिरवट डाग आणते. पाणी थर धरील की नळ खाईल, हे आधी गणिताने सांगण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील प्राध्यापक लँगलियर यांना १९३६ साली मिळाले. पाण्याचा सामू, उष्णमान, विरघळलेले क्षार, चुना आणि क्षारता एवढे मोजले की त्यांचा निर्देशांक निघतो. तो शून्याहून अधिक असेल तर थर जमण्याकडे कल, उणे असेल तर पाणी नळ खाण्याची भीती.

मात्र हे सारे प्रयोगशाळेत होई आणि खेड्यातील विहीर प्रयोगशाळेपासून कोसगणती दूर. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली यावर एक साधा उपाय प्रसिद्ध केला. औषधी द्रव्यात भिजवून वाळविलेली कागदाची पट्टी निर्जंतुक बाटलीत ठेवलेली असते. तीत विहिरीचे पाणी भरून बाटली उबदार जागी एक रात्र ठेवावयाची. मैल्यातील काही जंतू गंधकयुक्त वायू सोडतात आणि पाणी काळे पडते. काही ठिकाणी पाण्यात मुळातच गंधकाचा अंश असतो, तेथे जंतू नसतानाही बाटली काळी होऊ शकते. म्हणून असा नमुना पुढे प्रयोगशाळेकडे पाठवितात आणि निकाल येईपर्यंत त्या विहिरीचे पाणी उकळून पितात.