टिकल्यांचं पिस्तूल आणि कलम 6

दिवाळीत विट्याच्या बाजारात टिकल्यांचं पिस्तूल घेताना लायसन्स कोण मागतं? 1878 च्या इंग्रजी शस्त्र कायद्याची सगळी धास्ती खऱ्या बंदुकीची. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात. प्रतिसरकारच्या पोरांना बंदूक मिळवणं म्हणजे जिवावरचं काम!

मग आला 1959 चा कायदा. निव्वळ खेळणं, ज्याची खरी बंदूक होऊच शकत नाही, ते शस्त्र नाही. पण कलम 6 बघा: बंदुकीसारखं दिसलं, की ती ‘नकली बंदूक’, गोळी सुटो वा न सुटो. विनापरवाना तिची खरी बंदूक केली, की गुन्हा.

अमेरिकेत 1988 च्या कायद्याने अशा खेळण्याच्या नळीला नारिंगी टोक आलं. आपल्या कलमात रंगाचा शब्दही नाही. रात्री गल्ल्यावर बसलेल्या माणसाने मग ओळखायचं कशावरून?