एक औषध, अनेक वाटा

ऑक्सिजन तयार करण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो. कधी पोटॅशियम परमँगनेट तापवतो, कधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइड टाकतो. कृती दोन, पण नळीत जमा होणारा वायू एकच. आता समजा, कोणी त्या कृतीवर मालकी सांगितली. तर दुसरी कृती शोधून आपल्याला ऑक्सिजन करता येईल. पण खुद्द ऑक्सिजनवरच मालकी सांगितली, तर साऱ्या वाटा बंद! पहिले प्रक्रियेचे पेटंट, दुसरे पदार्थाचे. डॉ. युसूफ हमीद यांची कारकीर्द म्हणजे या फरकाचीच गोष्ट आहे.

त्यांचे वडील डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला ही औषध कंपनी स्थापन केली. युसूफ यांचा जन्म १९३६ चा, आईच्या गावी, विल्नियस येथे. शालेय शिक्षण मुंबईत झाले आणि पीएच. डी. केंब्रिजला, अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली. न्यूक्लिओटाइडांवरील कामासाठी टॉड यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९६० मध्ये युसूफ सिप्लात रुजू झाले.

त्या वेळी देशात १९११ चा पेटंट कायदा लागू होता आणि औषधांच्या बाजारावर परदेशी कंपन्यांची पकड होती. कायदा बदलावा म्हणून झटणाऱ्या भारतीय उत्पादकांत हमीद पुढे होते. १९७० चा नवा कायदा १९७२ मध्ये अमलात आला. औषधाच्या रेणूवर आता पेटंट मिळेना. मिळे ते फक्त प्रक्रियेवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. वेगळी वाट शोधू शकणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला दार उघडले.

एड्सच्या साथीत या दाराचे मोल कळले. झिडोव्ह्युडिन हे एड्सवरचे पहिले औषध अमेरिकेत १९८७ मध्ये मान्य झाले. ते बनवण्याची प्रक्रिया हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी विकसित केली. (त्याआधी अनेक वर्षे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते.) १९९३ मध्ये सिप्लाने हे औषध बाजारात आणले.

पण एक औषध पुरेना. एचआयव्ही विषाणू स्वतःची नक्कल करताना वारंवार चुका करतो आणि एखादी चूक औषधाला दाद न देणारी निघते. समजा, अशी चूक लाखात एकदा होते. मग तीन वेगळ्या औषधांना एकाच वेळी चुकवणारा विषाणू निघण्याची शक्यता एकावर पंधरा शून्ये इतक्यांत एक! म्हणून १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा उपचार रूढ झाला. खर्च मात्र रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेतल्या रुग्णाला तो स्वप्नातही परवडणारा नव्हता.

स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधे तीन वेगळ्या कंपन्यांची. पेटंटांमुळे त्यांची एक गोळी करणे इतरत्र अवघड होते. भारतात ती अडचण नव्हती. हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये हा त्रिवेणी उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, देऊ केला. त्याच वर्षी ‘ट्रायोम्यून’ ही गोळी आली: दिवसातून दोनदा, एकेक. पुढे स्पर्धा वाढली, तसे अशा उपचारांचे दर शंभर डॉलरच्याही खाली गेले. स्टॅव्ह्युडिनचे दुष्परिणाम लक्षात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते हळूहळू बंद करण्याची शिफारस केली. पण तोवर त्या गोळीने असंख्य माणसे जगवली होती.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून भारतात पुन्हा पदार्थावर पेटंट मिळू लागले. त्याच वर्षी हमीद यांना पद्मभूषण मिळाले. नवे औषध शोधायला वर्षे आणि पैसा लागतो, शोधणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, हे म्हणणेही खोटे नाही. मग तो मोबदला किती, आणि तो मिळेपर्यंत रुग्णाने काय करायचे? ऑक्सिजनच्या प्रयोगानंतर हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. त्याचे उत्तर समीकरणात मिळत नाही. पण समीकरण समजलेल्यांनीच ते शोधायचे आहे.